पुस्तकाचा वास त्यांना, पुस्तक आम्हाला

ई-रीडरचं नाव काढलं की एक जमात लगेच नाक मुरडते. कागदाचा वास नाही, पान उलटल्याचा आवाज नाही, मग ते कसलं आलंय वाचन, म्हणते. ही जमात आपण ओळखतो. हिच्या घरात आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट असतं, कपाटाला काच असते, काचेमागे तीन पिढ्यांची पुस्तकं पुठ्ठा बांधून उभी असतात. हिच्या पुस्तकांना वास येतो कारण हिच्या पुस्तकांना जागा आहे. वास आपल्या पुस्तकांनाही येतो. भिंतीच्या ओलीचा, गळक्या पत्र्याचा, फोडणीचा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, एक मोरी, एक मांडणी. मांडणीवर डबे आणि डब्यांमागे कोंबलेली चार पुस्तकं. भाड्याची खोली बदलली की रद्दीवाल्याच्या तराजूत आधी जातात ती हीच. कारण भांडी टाकता येत नाहीत. तेव्हा वासाचं कौतुक त्यांना लखलाभ. आपल्याला पुस्तक पाहिजे, आतलं.

आपलं शहर पुस्तकांचं म्हणून मिरवतं. मिरवू द्या, खोटं नाही. १८४० साली इथे सार्वजनिक वाचनालय निघालं. कुसुमाग्रज इथले. बाबूराव बागूल विहितगावचे. वामनदादा कर्डक सिन्नरकडच्या देशवंडीचे. पण वाचनालय निघाल्यावर नव्वद वर्षांनी, २ मार्च १९३० ला, याच शहरात बाबासाहेबांना आणि दादासाहेब गायकवाडांना काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह उभा करावा लागला. म्हणजे एकाच गावात पुस्तकंही होती आणि बंद दारंही होती. दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र नांदतात, हे नाशिककराला कुणी शिकवायला नको. म्हणून नवं यंत्र बाजारात आलं की आपण दोन प्रश्न आधी विचारायचे. दार कुणासाठी उघडतंय? आणि किल्ली कुणाच्या कमरेला आहे?

आधी यंत्र काय आहे ते बघू. आपल्यातले पुष्कळजण ई-रीडर म्हणजे टॅब्लेटचाच धाकटा भाऊ समजतात. तसं नाही. मोबाईल आणि टॅब्लेटचा पडदा मागून दिवा लावून सरळ आपल्या डोळ्यांत उजेड फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात अगदी बारीक गोळ्या असतात, प्रत्येक गोळीत काळे आणि पांढरे कण, दोघांचा विद्युतभार उलटा. खालून वीज दिली की काळे तरी वर येतात नाहीतर पांढरे. एकदा अक्षर उमटलं की ते तसंच बसून राहतं, त्याला टिकायला वीज लागत नाही. वीज लागते पान बदलताना. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या मंडळींनी १९९७ साली ई-इंक नावाची कंपनी काढून हा पडदा पुढे आणला, आणि २००७ साली अ‍ॅमेझॉनने त्याच पडद्यावर किंडल विकायला काढलं. भर दुपारी उन्हात बसून वाचा, अक्षर कागदासारखंच दिसतं. नंतरच्या यंत्रांत पडद्याच्या कडेला बारीक दिवे आले. ते उजेड पानावर टाकतात, डोळ्यांवर नाही.

हा कडेचा दिवा बंगल्यातल्या माणसाला चैन वाटेल. आपल्याला तोच मुद्द्याचा आहे. एका खोलीच्या घरात रात्री अकरा वाजता ट्यूब लावून वाचत बसलात तर फर्स्ट शिफ्टला सातपूरला जाणारा बाप झोपणार कसा? आई म्हणते, बंद कर ते. आई चूक नाही, तिला चारला उठून डबे करायचेत. आजवर किती पोरांचं वाचन या एका ट्यूबच्या बटनावर मेलं असेल याचा हिशेब कुठल्याच समीक्षकाने मांडला नाही. त्यांच्या घरात अभ्यासाची खोली वेगळी असते. चादरीखाली धरून कुणाचीही झोप न मोडता वाचता येईल असं पान आपल्याला मिळालं, तर ती मोठी गोष्ट आहे. लाईट गेली तरी मोठी गोष्ट आहे.

आता काही दोस्त म्हणतील, मोबाईल आहे की हातात, दुसरं यंत्र कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या खिशात आज पैसे नाहीत त्याने मोबाईलवरच सुरुवात करावी, आजच्या आज करावी. वाचायचं फुकट अ‍ॅप टाका, अक्षर मोठं करा, पडदा पिवळसर करा, इंटरनेट बंद करा आणि वाचा. यंत्र नाही म्हणून वाचत नाही ही पळवाट आहे. पण मोबाईल ही चावडी आहे, हेही विसरू नका. दोन पानं होत नाहीत तोवर कुणाचा तरी मेसेज, कुणाची तरी जयंतीची मिरवणूक, कुणाचं तरी नाचणं. बोट आपोआप तिकडे सरकतं. मोबाईलचा धंदाच तसा आहे, तुमचं लक्ष तोडून त्याचे तुकडे विकायचे. साधा ई-रीडर या बाबतीत ठार मठ्ठ आहे. त्याच्यावर रील चालत नाही, फोन येत नाही, रंग नाहीत. हा मठ्ठपणाच त्याचा गुण आहे.

पोरींच्या बाजूनेही बघा. आपल्या वस्तीत पोरीच्या हातातला मोबाईल सगळ्या घराला डाचतो. भाऊ तपासतो, बाप विचारतो, शेजारीण कान भरते. बाहेर क्रांतीची भाषणं ठोकणारा तिचा भाऊ घरात हवालदार होतो हे आपल्याच घरांतलं सत्य आहे, ते झाकून उपयोग नाही. अशा घरात ज्यावर फक्त पुस्तक उघडतं असं यंत्र पोरीच्या हातात असेल तर तिला निदान तासभर कुणी हटकणार नाही. मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती तेव्हा तिचा निबंध ज्ञानोदयात छापून आला, १८५५ साली. एवढ्या वर्षांनी पोरीने वाचायचं की नाही हा प्रश्न नाही राहिला. कशावर, कधी आणि कुणाच्या नजरेखाली, हा उरलाय.

आता पैशाचा हिशेब, कारण घोडं तिथेच अडतं.

स्वस्त यंत्राच्या गप्पा या देशात पुष्कळ झाल्या. २०१० साली अहमदाबादच्या इन्फीबीमने पाय नावाचा ई-रीडर काढला, ९,९९९ रुपयांना. त्याच वर्षी विंक नावाचा आणखी एक देशी ई-रीडर आला, पंधरा भारतीय भाषांचा गाजावाजा करत. दोन्ही आज बाजारात औषधाला सापडत नाहीत. २०११ साली सरकारने आकाश नावाचा स्वस्त टॅब्लेट दाखवला, गरिबाच्या पोराच्या हातात जग देतो म्हणाले. त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. किंडल २०१२ च्या ऑगस्टमध्ये भारतात आलं, ६,९९९ रुपयांना. २०२२ ची साधी आवृत्ती ९,९९९ ला आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये नवं पेपरव्हाईट आलं ते १६,९९९ ला. म्हणजे दिवसेंदिवस स्वस्त होणार म्हणून सांगितलेली वस्तू आपल्या हातापासून लांब लांब सरकत गेली.

एक पुस्तक सरासरी २५० रुपयांचं धरा. ९,९९९ मध्ये चाळीस पुस्तकं येतात, १६,९९९ मध्ये अडुसष्ट. अडुसष्ट पुस्तकं म्हणजे वस्तीतल्या विहारात एक कपाट उभं राहतं, साला. तेव्हा यंत्र घेण्याआधी स्वतःला विचारा, मी वाचतो किती आणि वाचतो काय? जो दोन महिन्यांतून एक पुस्तक वाचतो आणि तेही नवं मराठी, त्याला ई-रीडर कधीच परवडणार नाही. त्याने वाचनालयाची वर्गणी भरावी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनाला दीक्षाभूमीवर लागणाऱ्या स्टॉलवरून पिशवी भरून आणावी, आपसांत पुस्तकं फिरवावीत. नव्या मराठी ई-पुस्तकाची किंमत पुष्कळदा छापील पुस्तकाच्या आसपासच असते. वर कर आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता, २०१८ च्या जुलैत तो ५ वर आणला, आणि तोही छापील आवृत्ती असेल तरच. म्हणजे ज्याला कागद परवडला नाही म्हणून जो नुसतं ई-पुस्तक काढतो त्याच्या पुस्तकावर जास्त कर. हा न्याय कुठल्या शहाण्याने काढला त्याचा सत्कार करायला हवा.

यंत्र कुणाला परवडतं? जो महिन्याला तीन-चार पुस्तकं फडशा पाडतो. ज्याला इंग्रजी वाचायचंय किंवा वाचायला शिकायचंय, कारण शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो, आणि इंग्रजी येत नाही म्हणून कुणी हसत नाही. जो पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करतो आणि दिवसाचे सहा-सात तास गाडीत काढतो. आणि मुख्य म्हणजे ज्याला जुनं, मोकळं झालेलं साहित्य वाचायचंय. मोकळं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण यात आपला खजिना आहे. भारतात लेखक मेल्यानंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो आणि ते सगळ्यांचं होतं. जोतीराव १८९० साली गेले. गुलामगिरी, शेतकऱ्याचा असूड सगळ्यांचं आहे. ताराबाई शिंद्यांची स्त्री-पुरुष तुलना सगळ्यांची आहे. बाबासाहेबांनी हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळं झालं. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, त्यांचं २०३० च्या १ जानेवारीला होईल. अनुवादांचं मात्र वेगळं. अनुवादकाचा हक्क वेगळा चालतो.

मग हे सगळं ई-रीडरवर छान वाचता येतं का? इथेच गोम आहे. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पण ते पीडीएफ आहेत. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो काढल्यासारखं; मोठं पान सहा इंची पडद्यावर आलं की अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं करायला जावं तर ओळ पडद्याबाहेर पळते, प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडे ढकलत बसा. खरं ई-पुस्तक ईपब या स्वरूपात असतं. त्यात मजकूर पाण्यासारखा वाहतो, अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात. चाळिशी लागलेल्या आपल्या बापालाही ते वाचता येतं. मराठीतलं जुनं बरचसं युनिकोडमध्ये नाहीच. छापखान्यांत वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टांवर मजकूर जुळवला. त्याची फाईल दुसऱ्या यंत्रात उघडली की जोडाक्षरांचा चिवडा होतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. प्रकाशक म्हणतो, पुन्हा टाईप करायला पैसे कोण देणार? खुद्द किंडलने मराठी पुस्तकं विकायला घेतली ती २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे यंत्र निघाल्यावर नऊ वर्षांनी. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक एकेक पान टाईप करून, तपासून चढवतात. ई-साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं फुकट पुस्तकं काढतंय. ही कामं मोठी आहेत, आणि ती करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मग सरकार काय करतंय? महाराष्ट्र शासनाने १९७९ साली बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड काढला. वसंत मून यांनी त्या कामात आयुष्य घातलं. १९८७ साली चौथा खंड निघाला तेव्हा रिडल्सवरून रान पेटवलं गेलं आणि १९८८ च्या फेब्रुवारीत आपल्या माणसांना लाखोंनी मुंबईच्या रस्त्यावर यावं लागलं, तेव्हा कुठे तो मजकूर खंडात टिकला. त्यानंतर खंडांची छपाई रखडतच राहिली. इतकी, की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला बातमी वाचून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घ्यावी लागली. ज्या सरकारला कागदावर छापायला एवढा वेळ लागतो, त्याला एक साधी गोष्ट विचारली पाहिजे: मजकूर तुमच्याकडे आहे, पैसा जनतेचा आहे, मग फुले-आंबेडकर-शाहूंचं सगळं वाङ्मय युनिकोडमध्ये, ईपबमध्ये, कुलूप न लावता का देत नाही? अठराव्या खंडाचे तीन भाग म्हणजे बाबासाहेबांची मराठी भाषणं, आपल्या बापजाद्यांशी आपल्या भाषेत बोललेली. ती गावातल्या पोराच्या पाच हजारांच्या मोबाईलवर एका बोटात उघडली पाहिजेत. छपाईचं यंत्र नाही, कागद नाही, गोदाम नाही ही कारणं इथे चालत नाहीत. इथे कारण एकच उरतं, नियत.

आता किल्लीचं बोलू. तुम्ही दुकानातून पुस्तक आणलं की ते तुमचं झालं. मित्राला द्या, विका, पोराला ठेवा, समासात शिव्या लिहा. ई-पुस्तक विकत घेतलं असं तुम्हाला वाटतं तेव्हा तुम्ही पुष्कळदा फक्त वाचायचा परवाना घेतलेला असतो. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या लोकांच्या किंडलवरून त्यांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तकं रातोरात पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणाले, पैसे परत केले. पुस्तकं कुठली? जॉर्ज ऑर्वेलचं १९८४ आणि अ‍ॅनिमल फार्म! सरकार पुस्तकं पुसून टाकतं अशी गोष्ट सांगणारं पुस्तकच पुसलं गेलं. मिशिगनमधल्या एका विद्यार्थ्याची अभ्यासाची टिपणंही त्यात निकामी झाली, त्याने कंपनीला कोर्टात खेचलं आणि कंपनीला तडजोड करावी लागली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि विकलेली पुस्तकं उघडायची बंद झाली. चीनमधलं किंडलचं दुकान २०२३ च्या ३० जूनला बंद झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनने घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोय काढून घेतली. म्हणजे पुस्तक तुमचं, पण कपाट त्यांचं, कुलूप त्यांचं आणि किल्लीही त्यांचीच.

बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं जमवली होती. १९१७ साली त्यांची पुस्तकं घेऊन येणारं जहाज महायुद्धात बुडवलं गेलं आणि ती समुद्रात गेली. माणसाने पुन्हा जमवली, इतकी जमवली की दादरला राजगृह बांधावं लागलं. समुद्राने नेलेलं निदान समुद्राने नेलं. कंपनीने एका बटनावर नेलेलं कुणाकडे मागायचं?

आणखी एक. असल्या यंत्राला कंपनीच्या खात्याशी जोडलं की तुम्ही कुठलं पुस्तक उघडलंत, कुठल्या पानावर थांबलात, कुठल्या ओळीखाली रेघ मारलीत हे कंपनीच्या वहीत जातं. चोरी केली नाही तर भ्यायचं कशाला, असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, या देशात घरात सापडलेल्या पुस्तकांवरून कोर्टात प्रश्न विचारले जातात. २०१९ साली भीमा कोरेगाव खटल्यातल्या जामिनाच्या सुनावणीत 'वॉर अँड पीस' हे नाव निघालं आणि देशभर गाजलं. मग खुलासा झाला की ते टॉलस्टॉयचं नव्हतं, जंगलमहालवरचं दुसरंच पुस्तक होतं. टॉलस्टॉयचं नव्हतं म्हणून काय झालं? पुस्तक ते पुस्तक. तेव्हा यंत्र घेतलंत तर त्याचं वायफाय बंद ठेवायची सवय लावा. मजकूर केबलने टाका. वाचायला इंटरनेट लागत नाही.

एवढं सगळं ऐकून जो विचारेल की बाबा, मग घेऊ काय, त्याला आमचं सरळ उत्तर असं.

नवं कोरं घेऊ नका. सेकंडहँड बघा. ही वस्तू हौसेने घेतली जाते आणि पुष्कळ घरांत दोन महिन्यांनी कपाटात पडते; त्यांची हौस फिटली की आपलं काम सुरू. नव्याच्या निम्म्याच्या वर पैसे मोजू नका. अंधारात दिवा लागतो का ते आधी पाहा, दिव्याशिवायचं जुनं मॉडेल आपल्या घरात अर्धं निकामी आहे. पडद्याची बारकाई विचारा: इंचाला ३०० ठिपके असतील तर ऱ्हस्व-दीर्घ, रफार, अनुस्वार स्वच्छ दिसतात, १६७ वाल्यावर 'क्र' आणि 'कृ' ओळखायला डोळे ताणावे लागतात. २०१५ नंतरचं पेपरव्हाईट किंवा २०२२ नंतरचं साधं किंडल ३०० चं आहे. २०१९ च्या साध्याला दिवा आहे पण ठिपके १६७ आहेत. पैसे देण्याआधी त्यात मराठी मजकूर उघडून 'ज्ञानेश्वर', 'स्त्री', 'दुर्दम्य' हे शब्द सरळ दिसतात का बघा. आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून यंत्र मोकळं केलंय का हे त्याच्यासमोरच तपासा, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडेल. पडद्यावर न हलणारी रेघ असेल तर घेऊ नका. हा पडदा फुटला तर दुरुस्तीपेक्षा दुसरं यंत्र बरं पडतं. म्हणून पुठ्ठ्याचं का होईना, कव्हर शिवा.

दुसरं, ज्या यंत्रात ईपब सरळ उघडतं ते पहिल्या पसंतीचं. कोबोसारखी यंत्रं तशी आहेत, पण इथे ती सहज मिळत नाहीत. किंडलवर ईपब टाकायचं तर रूप बदलून टाकावं लागतं. त्यासाठी कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोविद गोयल या भारतीय माणसाने २००६ साली सुरू केलेलं. वस्तीत एकाच्या घरी जुना संगणक असला तरी दहाजणांचं काम होतं. बुकगंगासारख्या दुकानातली मराठी ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, ती किंडलवर येत नाहीत. त्यासाठी मोबाईलच वापरा. एमपीएससीच्या नोट्स, नकाशे, तक्ते यांसाठी सहा इंची ई-रीडर घेऊ नका, डोक्याला ताप होईल. आणि हप्त्याने तर अजिबात घेऊ नका. वाचनासाठी कर्ज काढलं तर पुस्तकाच्या प्रत्येक पानावर सावकार दिसतो.

तिसरं, आणि हे आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं: एकट्याने घेऊ नका. पाचजणांनी वर्गणी काढून एक घ्या, पंधरा-पंधरा दिवस फिरवा. एका यंत्रात शेकडो पुस्तकं मावतात. याच शहरातून 'ग्रंथ तुमच्या दारी' निघालं, पुस्तकांची पेटी करून ती वाचकांच्या गटांत फिरवायची. ती कल्पना परदेशातही जाऊन पोचली. पेटी त्यांनी फिरवली, आपण यंत्र फिरवू. वस्तीतल्या विहारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, साऊंड सिस्टीम आहे, जयंतीला डीजे आहे. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेचे पैसे वाचवले तर दोन-तीन सेकंडहँड यंत्रं येतात. हे ऐकून काहीजण चिडतील. चिडा. ज्या माणसाने घर पुस्तकांसाठी बांधलं त्याच्या जयंतीला पुस्तकासाठी पैसा मागितला तर चिडण्यासारखं काय आहे?

शेवटी आपल्याच पायाखाली बघू. टेलिग्रामवर आपल्या लेखकांच्या आत्मकथनांच्या चोरलेल्या पीडीएफ फिरतात, आणि आपली पोरं अभिमानाने एकमेकांना पाठवतात. ज्ञान सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे म्हणतात. मोठ्या कंपनीच्या तिजोरीबद्दल आपल्याला रडायचं कारण नाही. पण जो प्रकाशक बायकोचे दागिने गहाण टाकून पाचशे प्रती छापतो, जी बाई भांडी घासून उरलेल्या वेळात आपलं आयुष्य लिहिते, तिच्या पुस्तकाची पीडीएफ करणं ही क्रांती नव्हे. ती आपल्याच घरातली चोरी आहे. मेलेल्यांचं मोकळं झालेलं फुकट वाचा, जिवंत माणसाचं विकत घ्या, परवडत नसेल तर चौघांत एक घ्या. आणि प्रकाशकांनाही आमचं सांगणं आहे: तुमची पुस्तकं ईपबमध्ये काढा, कुलूप लावू नका, छापील किमतीच्या निम्म्याने विका. आपल्या वाचकावर एवढा विश्वास टाकायला काय हरकत आहे?

एके काळी आपल्या पोरांनी सायक्लोस्टाईलच्या शाईने हात काळे करून अंक काढले. छापखाना परवडत नव्हता म्हणून कुणी गप्प बसलं नाही. तेव्हाही 'हे कसलं साहित्य, कागद तरी बघा' म्हणून नाकं मुरडणारे होतेच. त्या अंकांचे कागद पिवळे पडले, तुटले, कित्येकांचे मागमूस राहिले नाहीत. ज्यांच्या ट्रंकेत ते अजून आहेत त्यांनी ते बाहेर काढावेत. ज्याला टाईप करता येतं त्याने रोज एक पान टाईप करावं. यंत्र सेकंडहँड चालेल, मोबाईल चालेल, पाचजणांत एक चालेल. त्यात भरायचं काय हे मात्र कंपनीने ठरवायचं नाही आणि सरकारच्या सवडीनेही ठरायचं नाही. ते आपण टाईप करून भरायचं, उद्यापासून.